जुना पार्ट म्हणजे जिवाशी खेळ? काहीतरीच!

लष्करचा वॅगनआरवाला: काल इथे आपल्या ग्वाल्हेरकरांत एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "गाडीला कबाड्याकडचा पार्ट लावणारा चार पैशांसाठी घरच्यांच्या जिवाशी खेळतो." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. अहो, दरवाजाने कुणाचा जीव गेलाय?

माझ्या 2009 च्या वॅगन-आरचा मागचा दरवाजा आपल्या हजिरा भागात टेम्पोने चेपला. नवा दरवाजा म्हणजे प्राइमर मारलेला नुसता पत्रा. काच, लॉक, काचेची मशीन, बीडिंग (कडेचं रबर) सगळं वेगळं घ्या, वर रंगाचा खर्च. दिल्लीला मायापुरीच्या भंगारबाजारात कटिंगच्या, म्हणजे भंगारात कापलेल्या गाडीचा त्याच रंगाचा मिळाला, काचेसकट. वायर कापलेली नाही, सॉकेट शाबूत. नव्याच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, चांगल्या चांगल्या गाड्या कापल्या गेल्या. तो माल काय भट्टीत घालायचा?

मुरारचे काका: सद्गृहस्थ मीच. नाव घ्यायचं होतंत की! माझ्या साडूने जुनी एअरबॅग बसवून घेतली. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने स्टिअरिंग खोललं तर आत बॅगच नाही. वर झाकण, मागे रेझिस्टर जोडलेला, मीटरवरचा एअरबॅगच्या बिघाडाचा दिवा विझावा म्हणून. आता हसा.

लष्करचा वॅगनआरवाला: मग 'एअरबॅग' लिहायचं, सरसकट 'पार्ट' कशाला? एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचं सामान मीही जुनं घेत नाही. टायरवर 3514 दिसलं की 2014 चा पस्तिसावा आठवडा, हे वाचता येतं मला. पण आरसा, डिकी, हेडलाइट, अल्टरनेटर यांना काय धाड भरलीये?

दालबाजार: हेडलाइटचे कान, म्हणजे तो गाडीला बसवायचे हूक, बघून घ्या फक्त. तुटके असतात, एम-सील लावून खपवतात.

वकीलसाहेब: पक्कं बिल घेतलंत का? माल चोरीचा आहे हे ठाऊक असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 आहे.

थाटीपूरकर: एवढा खटाटोप कशाला? आपल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून नवी उचला, रोड टॅक्स अर्धा माफ.

दालबाजार: आले मेळेवाले! सूट टॅक्सवर, गाडीवर नाही. सरकारचा सवलतीचा आदेश निघेपर्यंत बुकिंग करून बसा हात चोळत.

थाटीपूरकर: 1905 पासूनचा मेळा आहे आपला, बोलताना जरा भान ठेवा.

इंदूरचा जावई: 2024 पासून तीच सूट उज्जैनच्या मेळ्यातही मिळायला लागली. आम्हाला ते जवळ.

थाटीपूरकर: घ्या मग उज्जैनचा एमपी-13 चा नंबर आणि मिरवा! आमच्या मेळ्याचं एक वैशिष्ट्य होतं, तेही वाटून टाकलं.

इंदूरचा जावई: सासर ग्वाल्हेरचंच आहे, म्हणून गप्प बसतो.

थाटीपूरकर: गप्प बसणाऱ्याने लिहिलंच कशाला?

पेन्शनर ताई: अहो, टॅक्स अर्धा झाला म्हणून नवी गाडी परवडते का? माझ्या आल्टोचा बंपर गेला. विम्यात प्लास्टिकच्या पार्टला निम्मेच पैसे मिळतात, झीरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, मी घेतलेला नव्हता. जुना बंपर लावला, झालं. कुणाच्या जिवाशी खेळले मी?

मुरारचे काका: ताई, तुम्हाला कोण काय म्हणतंय? बंपर लावा, दरवाजा लावा, हवं तर अख्खी गाडी कटिंगची जोडा. पण वॅगनआरवाल्यांनी वकीलसाहेबांना अजून उत्तर दिलेलं नाही.

लष्करचा वॅगनआरवाला: कच्चं बिल आहे. आणि वकीलसाहेब, तुमच्या गाडीचा धूर आम्ही रोज जयेंद्रगंजात बघतो, आधी त्याचं बघा.