मेटफॉर्मिन एसआर: डिंक टाकूनही औषध लगेच सुटतंय, मदत हवी (अर्जंट)

शिरपूरकर: एम.फार्मचा प्रोजेक्ट. मेटफॉर्मिन (शुगरचं औषध) ५०० ची एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी; डिंकाचा मॅट्रिक्स, म्हणजे औषध धरून ठेवणारा सांगाडा. बारा तास चालायला हवी, पण तासाभरातच जवळजवळ सगळं औषध बाहेर. गाइड म्हणतात डिंक वाढव. वाढवला, तर गोळीच फुटते. काय करू? लवकर सांगा.

केळीवाला: कोणता डिंक शे भो? पहिले ते सांग.

लॅबउंदीर: किती टक्के? ग्रॅन्युलेशन (भुकटीचे दाणे करणं) पाण्यात की आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोल)? औषध किती सुटतं ते तपासायचं माध्यम कोणतं?

शिरपूरकर: आपला सातपुड्यातलाच हो, धडगाव बाजारातला. बाकी नेहमीचंच.

लॅबउंदीर: सातपुड्यात धावडा आहे, कांडोळ आहे, सालई आहे. "नेहमीचं" कुठलं?

शिरपूरकर: धावडा. औषधाच्या २० टक्के. आयपीए, बांधायला पीव्हीपी. ६.८ पीएचचा बफर.

लॅबउंदीर: मग होणारच. धावडा इमल्शनला (तेल-पाणी एकत्र धरायला) छान, पण त्याचा जेलथर टिकत नाही, झिजून जातो. त्यात मेटफॉर्मिन पाण्यात भसाभस विरघळणारं. कांडोळ, म्हणजे कराया घे. तो विरघळण्यापेक्षा फुगतो जास्त. अन् गोळी फुटते ती फक्त डिंकामुळे नव्हे, मेटफॉर्मिनच नीट दबत नाही. पीव्हीपी वाढव.

जुना_फॉर्म्युलेटर: एचपीएमसी के१००एम (कारखान्यात बनणारा, जेल धरणारा पदार्थ) टाका अन् मोकळे व्हा! झाडाच्या डिंकाची चिकटाई दर लॉटला वेगळी.

लॅबउंदीर: काका, प्रोजेक्टचा विषयच नैसर्गिक डिंक आहे.

जुना_फॉर्म्युलेटर: मग गवार गम. निदान ग्रेड बघून तरी मिळतो.

भुसावळची_ताई: आईची एसआर गोळी फार मोठी आहे, अर्धी करून देते. चालतं ना?

लॅबउंदीर: नाही ताई. तोडली, चावली की औषध एकदम सुटतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरी देतील. शौचात गोळीचा सांगाडा दिसला तर मात्र घाबरू नका, औषध आधीच निघून गेलेलं असतं.

केळीवाला: आमचे आबा हिवाळाभर डिंकाचे लाडू खातात, शुगर काही वाढत नाही. डिंकाचाच गुण!

जुना_फॉर्म्युलेटर: आबांची शुगर तपासली कधी?

केळीवाला: तपासायची काय गरज, ठणठणीत शेत.

शिरपूरकर: लाडू नंतर! कांडोळ उद्या आणला तर तसाच दळून टाकू?

लॅबउंदीर: नको, साल-माती असते. भरपूर पाण्यात फुगवून मलमलीतून गाळ, अल्कोहोलमध्ये पाड (डिंक वेगळा होऊन खाली बसतो), ४० अंशांवर वाळव, ८० नंबरच्या चाळणीतून काढ. औषधाच्या निम्म्यापासून सुरू कर. उद्या गोळी होणार नाही, गाइडना सांगून ठेव.