प्लेअर क्लासमधून स्कोअरबोर्डची मेथड कॉल होते पण स्कोअर 0 च राहतो

प्रश्न: जावा शिकतोय, छोटा गेम लिहितोय. प्लेअर आणि स्कोअरबोर्ड असे दोन क्लास आहेत, प्लेअरने नाणं उचललं की स्कोअरबोर्डची पॉइंट वाढवायची मेथड कॉल व्हायला पाहिजे. मी प्लेअरमध्येच न्यू स्कोअरबोर्ड केलं आणि त्याच्यावर मेथड कॉल केली, एरर काही नाही, मेथडच्या आत प्रिंट टाकलं तर 10, 20, 30 बरोबर छापतंय पण स्क्रीनवर मात्र 0. मग थेट क्लासच्या नावाने कॉल करून बघितलं तर कंपायलर म्हणतो नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक कॉन्टेक्स्टमधून वापरता येणार नाही. सगळंच स्टॅटिक करून टाकू का?

उत्तर: स्टॅटिक (म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच) अजिबात नको, उद्या दोन खेळाडूंचे दोन स्कोअर ठेवायचे झाले की अडकशील. तुझ्याकडे स्कोअरबोर्ड दोन झालेत, एक मेनमध्ये बनवलेला जो स्क्रीनवर दिसतो आणि दुसरा प्लेअरच्या पोटातला, पॉइंट त्या पोटातल्यात जमा होतायत. न्यू म्हटलं की नवाच ऑब्जेक्ट मिळतो. मेनमध्ये एकदाच बनव, प्लेअरच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) तोच दे आणि प्रायव्हेट फायनल फील्डमध्ये (ऑब्जेक्टचा स्वतःचा, एकदाच भरता येणारा व्हेरिएबल) ठेव. ऑब्जेक्टची कॉपी होत नाही, रेफरन्सची (म्हणजे ऑब्जेक्ट कुठे आहे त्या खुणेची) होते, त्यामुळे दोघांच्या हातात एकच बोर्ड राहतो.

प्रश्नकर्ता: केलं तसं, आता नाणं उचललं की नल पॉइंटर एक्सेप्शन (नल, म्हणजे रिकाम्या रेफरन्सवर मेथड कॉल केल्याची एरर) येतंय 😢 कन्स्ट्रक्टरमध्ये "स्कोअरबोर्ड बोर्ड = ब" असं लिहिलंय, ब म्हणजे मेनमधून दिलेला बोर्ड.

दुसरं उत्तर: डावीकडे परत टाइप लिहिलास ना, तिथेच घोळ आहे. त्याने नवीन लोकल व्हेरिएबल तयार झाला, कन्स्ट्रक्टर संपला की तोही गेला आणि फील्ड नलच राहिलं. नुसतं "धिस डॉट बोर्ड = ब" लिही. आणि फायनल काढलेलं दिसतंय, ते ठेवलं असतंस तर कंपायलरनेच अडवलं असतं, म्हणून मी तरी अशा फील्डला फायनल लावल्याशिवाय पुढे जात नाही. जावा 15 किंवा पुढचं असेल तर एक्सेप्शनच्या मेसेजमध्ये कोणतं फील्ड नल आहे ते नावासकट येतं, तो मेसेज पूर्ण वाचत जा.

प्रश्नकर्ता: चाललं!! स्क्रीनवर 10 दिसले. आता 100 झाले की स्कोअरबोर्डने प्लेअरची लेव्हल वाढवायची मेथड कॉल करायचीय, मग स्कोअरबोर्डमध्ये न्यू प्लेअर करू का?

दुसरं उत्तर: नको रे, दोघांचे कन्स्ट्रक्टर एकमेकांना बनवत बसले तर कॉल संपणारच नाहीत आणि स्टॅक ओव्हरफ्लो (कॉलसाठीची मेमरी भरल्याची एरर) होईल. पॉइंट वाढवणाऱ्या मेथडकडूनच नवीन स्कोअर रिटर्न कर, 100 झाले का ते प्लेअर स्वतः बघेल, बोर्डला प्लेअर माहीत असायची गरजच नाही.