'गार्सिया' या स्पॅनिश आडनावाचे मूळ, अर्थ आणि प्रसार

दूरदेशी:
नमस्कार. स्पेनचा इतिहास आणि स्पॅनिश साहित्य वाचताना 'गार्सिया' हे नाव सतत समोर येते. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का आणि कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस तर सर्वांना माहीत आहेत. पण मध्ययुगातील राजांच्या वंशावळी पाहिल्या, तर तेथे गार्सिया हे आडनाव नसून राजाचे स्वतःचेच नाव असल्याचे दिसते. हे नाव नेमके कोणत्या भाषेतले आहे आणि त्याचा अर्थ काय? एवढ्या लोकांनी ते लावण्यामागे काय कारण आहे, आणि हे सारे गार्सिया मुळात एकाच घराण्यातले मानायचे का? काही संकेतस्थळांवर 'रणांगणातील शूर' असा अर्थ दिलेला आढळतो, त्याला कितपत आधार आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

मीमांसा:
'रणांगणातील शूर' हा अर्थ सोडून द्यावा, कारण त्याला भाषिक आधार नाही. गार्सिया हे नाव लॅटिन नाही, आणि गॉथ लोकांच्या जर्मानिक भाषेतले असल्याचेही दाखवता येत नाही. मध्ययुगीन कागदपत्रांत ते 'गार्सेआ' असे येते, आणि त्याचे सर्वांत जुने व सर्वांत दाट उल्लेख स्पेन-फ्रान्स सीमेवरील पिरेनीज पर्वताच्या आसपास, म्हणजे स्पेनमधील पाम्प्लोना आणि पर्वतापलीकडील, फ्रान्समधील गास्कनी या भागांत सापडतात. त्यामुळे त्याचे मूळ त्याच परिसरातील बास्क भाषेत किंवा तिच्या पूर्वरूपात शोधणे हेच सयुक्तिक आहे.

अर्थाविषयी प्रामुख्याने दोन मते मांडली जातात. एका मतानुसार या नावात अस्वलासाठी असलेला बास्क शब्द 'हार्त्स' दडलेला आहे. रोमन काळात पिरेनीजच्या परिसरात कोरलेल्या लॅटिन शिलालेखांत 'हार्स' हा घटक असलेली स्थानिक व्यक्तिनावे आढळतात, त्यामुळे माणसाला अस्वलावरून नाव देण्याची प्रथा तेथे होती असे मानायला जागा आहे. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द 'गास्तेआ', म्हणजे 'तरुण', असा असावा. मुलाने वडिलांचेच नाव लावले असता त्याला 'धाकटा' म्हणून वेगळे ओळखण्यासाठी तो वापरला जात असावा. पहिल्या मताला सुरुवातीच्या 'ग'चा उलगडा करावा लागतो आणि दुसऱ्याला मधल्या 'र'चा. मला स्वतःला शिलालेखांच्या पुराव्यामुळे अस्वलाचे मत अधिक वजनदार वाटते. तरी कोणत्याही एका अर्थावर 'सिद्ध' असा शिक्का मारू नये.

उच्चाराबद्दल थोडेसे: स्पेनच्या मोठ्या भागात 'गार्थिया' असा उच्चार होतो, तर दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाच्या बऱ्याच भागात आणि संपूर्ण लॅटिन अमेरिकेत 'गार्सिया'. दोन्ही शुद्धच आहेत.

नामावली:
मीमांसा यांनी मुळाविषयी लिहिले आहेच. प्रसाराचे कारण मात्र अर्थात नसून नाव देण्याच्या पद्धतीत आहे, आणि ते समजले की 'एकच घराणे' या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

मध्ययुगीन स्पेनमध्ये माणसाचे दुसरे नाव हे बहुधा त्याच्या वडिलांच्या नावावरून बनत असे. स्पेनमधील कॅस्टिल या प्रांताच्या काउंटांची, म्हणजे तेथील सत्ताधारी सरदारांची, परंपरा पाहा. फेर्नान गोन्सालेस यांचा मुलगा गार्सिया फेर्नान्देस, म्हणजे 'फेर्नानचा मुलगा गार्सिया'. त्याचा मुलगा सांचो गार्सिया. आणि सांचोचा मुलगा गार्सिया सांचेस, ज्याची 1029 मध्ये लेऑन शहरात हत्या झाली. चार पिढ्या एकाच घराण्याच्या, पण दुसरे नाव प्रत्येक पिढीत वेगळे. म्हणजे त्या काळी हे आडनाव नव्हतेच. ते केवळ बाप कोण हे सांगणारे नाव होते.

यात एक महत्त्वाचा बारकावा आहे. फेर्नानचा फेर्नान्देस आणि सांचोचा सांचेस होताना शेवटी प्रत्यय लागला, पण गार्सियाचा मुलगा कॅस्टिलमध्ये नुसताच 'गार्सिया' राहिला. त्याच काळात पाम्प्लोनाच्या राजघराण्यात मात्र प्रत्यय लागलेले रूप दिसते: 905 ते 925 या काळात राज्य करणारा सांचो गार्सेस हा कोणा गार्सियाचा मुलगा होता, आणि त्याच्या मुलाचे नाव गार्सिया सांचेस. 'गार्सेस' हे रूप आडनाव म्हणून आजही टिकून आहे, पण ते गार्सियाच्या मानाने फारच थोड्यांचे आहे.

पुढे मध्ययुगाच्या उत्तरार्धात ही दुसरी नावे हळूहळू गोठली आणि बापाच्या नावाप्रमाणे न बदलता वंशपरंपरेने चालू लागली. ज्या ज्या घरात त्या वेळी गार्सिया नावाचा पूर्वज होता, त्या त्या घराला हे आडनाव चिकटले. राजांपासून शेतकऱ्यांपर्यंत हे नाव ठेवले जात असल्यामुळे अशी घरे असंख्य होती आणि त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असण्याचे कारण नव्हते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1563 मध्ये विवाहांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केल्यावर या स्थिरतेला बळ मिळाले, आणि 1870 च्या नागरी नोंदणी कायद्याने आजची दोन आडनावांची पद्धत अधिकृत झाली.

आकड्यांत सांगायचे तर स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या यादीत गार्सिया हे देशातील सर्वाधिक लोकांचे आडनाव आहे. सुमारे साडेचौदा लाख लोकांचे ते पहिले आडनाव आहे, म्हणजे शंभरात साधारण तीन. आई आणि वडील दोघेही गार्सिया असल्यामुळे 'गार्सिया गार्सिया' असे लावणाऱ्यांची संख्याही सत्तर हजारांहून अधिक आहे.

दूरदेशी:
दोघांचेही मनापासून आभार. कॅस्टिलच्या चार पिढ्यांच्या उदाहरणाने फार मोठी गोष्ट उलगडली. आता दोन उपप्रश्न. अमेरिका खंडातील गार्सियांचे पूर्वज स्पेनमधूनच आले होते असे समजावे का? आणि काही लेखकांना त्यांच्या दुसऱ्याच आडनावाने का ओळखले जाते?

पैलतीर:
पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'काहींचे आले होते, पण आडनावावरून ते ठरवता येत नाही' असे आहे. स्पॅनिश वसाहतींत मूळ रहिवाशांना आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना बाप्तिस्म्याच्या वेळी स्पॅनिश नावे मिळत, आणि पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा मालकाचे आडनावही चिकटत असे. फिलिपिन्समध्ये तर 1849 साली गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढून छापील आडनावांच्या यादीतून कुटुंबांना आडनावे वाटून दिली. म्हणून तेथील किंवा मेक्सिकोतील एखाद्याचे आडनाव गार्सिया असणे हा स्पॅनिश रक्ताचा पुरावा होत नाही. वंशावळ शोधायची असेल, तर आडनावापेक्षा गाव आणि तेथील चर्चची नोंदवही यांचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 2000 च्या जनगणनेत गार्सिया आठव्या क्रमांकावर होते, ते 2010 मध्ये सहाव्यावर आले. त्या वर्षी हे आडनाव लावणारे 11,66,120 लोक नोंदले गेले. लॅटिन अमेरिकेतून झालेल्या स्थलांतराचा हा परिणाम आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन आडनावांच्या पद्धतीत आहे. पहिले आडनाव परंपरेने वडिलांचे आणि दुसरे आईचे. लोर्का यांच्या आईचे आडनाव लोर्का होते, तर गार्सिया मार्केस यांच्या आईचे मार्केस. वडिलांचे आडनाव अतिशय सामान्य असले, की ओळख पटण्यासाठी लोक आईच्या आडनावाकडे वळतात. चित्रकार पाब्लो रुईस पिकासो आणि स्पेनचे माजी पंतप्रधान रोद्रीगेस सापातेरो यांच्या बाबतीतही तेच झाले. तरीही कोलंबियाच्या त्या नोबेलविजेत्याला नुसते 'मार्केस' म्हणणे चूक आहे आणि मराठी लेखनात ती वारंवार होते, याची मला खंत वाटते. ग्रंथालयाच्या सूचीतही त्यांचे नाव 'गार्सिया'खालीच शोधावे लागते.

नामावली:
पैलतीर यांच्या उत्तराला कायद्याची जोड देतो. स्पेनमध्ये विवाहानंतर स्त्री आडनाव बदलत नाही, आणि 1999 पासून आईचे आडनाव आधी लावण्याची मुभा आहे. 30 जून 2017 पासून तर वडिलांच्या आडनावाला आपोआप मिळणारे प्राधान्यही संपले. बाळाची नोंद करताना क्रम पालकांनीच ठरवावा लागतो.

'गार्सिया घराण्याचे मानचिन्ह' म्हणून जी चित्रे विकली जातात, त्यांच्यावर पैसे खर्च करू नयेत. मानचिन्ह विशिष्ट व्यक्तीला किंवा तिच्या वंशाला मिळत असे, आडनावाला नव्हे. गार्सिया नावाच्या काही कुटुंबांना ते मिळाले होते. पण आपण त्याच कुटुंबातले आहोत हे पिढी दर पिढी कागदपत्रांनी दाखवल्याशिवाय त्यावर कोणाचाही हक्क पोचत नाही.

मीमांसा:
व्यक्तिनाव म्हणून गार्सियाचा वापर किती काळ टिकला, याचे एक उदाहरण गोव्यात आहे. सोळाव्या शतकात तेथे वैद्यकी करणारे आणि 1563 मध्ये भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ गोव्यातच छापून प्रसिद्ध करणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचे आईवडील स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंपैकी होते. येथे 'गार्सिया' हे त्यांचे स्वतःचे नाव आहे आणि 'द ओर्ता' हे आडनाव. म्हणजे आडनाव म्हणून गार्सिया सर्वत्र रूढ झाल्यानंतरही ते बाळाचे नाव म्हणून ठेवले जात होते. पुढे ती प्रथा विरळ होत गेली.