नखं खायची सवय कायमची सुटलेलं कुणी आहे का?

गुजरीतली
वय २९. कोल्हापुरात गुजरीत एका सराफी दुकानात काउंटरवर असते. दिवसभर हात पुढं करून अंगठ्या दाखवायच्या आणि माझी नखं निम्मीच. सात-आठ वर्षांची असल्यापासून खाते. आजीनं मिरची लावून बघितली, शाळेत छड्या बसल्या. लग्नाआधी चार महिने बंद होतं, मग परत सुरू. गेल्या महिन्यात अंगठ्याला नखुरडं झालं, पू काढावा लागला. तांबडा रस्सा भाकरीनं खाताना बोटं एवढी झोंबतात, की चमचा घेते. कुणाची खरंच सुटली असेल तर कशानं, ते सांगा.

मंगळवार पेठ
ताई, मेडिकलात कडू नेलपॉलिश मागा. माझ्या पोराचं महिन्यात सुटलं बघा.

राजारामपुरी ७वी गल्ली
माझी बावीस वर्षांची सवय होती. सुटून अडीच वर्षं झाली.

कडू पॉलिश मीही लावलं. त्यात डेनाटोनियम नावाचा अतिकडू पदार्थ असतो. पण आपण हातानं कालवून जेवणारी माणसं, आमटी-भातसुद्धा कडू लागायला लागला. मग फक्त डाव्या हाताला ठेवलं. त्याचा खरा उपयोग एवढाच, की बोट तोंडात गेलंय हे कळतं. नाहीतर अर्धं नख गेल्यावर कळायचं.

आधी चार दिवस काही सोडायला जाऊ नका. हात कधी जातो ते नुसतं वहीत मांडा. माझा हात टेन्शनमध्ये जातो असं मी धरून चाललो होतो. निघालं उलटंच: रिकामा बसलो की आणि मोबाईलवर काही बघताना. आणि बहुतेक वेळा सुरुवात एखाद्या खरबरीत कडेपासून. अंगठा ती कड चाचपतो, मग दात.

म्हणून खिशात नखं घासायची छोटी कानस. कड लागली की तिथंच घासायची. रात्री नखांच्या कडेच्या कातडीला खोबरेल, म्हणजे सालं निघत नाहीत.

हात वर निघाला की मूठ घट्ट मिटून मिनिटभर धरायची. अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत आहे ही. सवय नुसती दाबायची नाही, त्याच हाताला दुसरं काम द्यायचं. काउंटरखाली मूठ कुणाला दिसतपण नाही.

बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण यायला पाच-सहा महिने. मधे मी तीनदा घसरलो. एक नख खाल्लं म्हणून उरलेली नऊ खायची नाहीत, हे स्वतःला बजावून सांगावं लागलं.

कसबा बावड्याची
नखुरडं परत झालं तर घरी टोचू नका, डॉक्टरकडंच जा. आणि खाल्ल्याशिवाय राहवतच नसेल, रक्त येईपर्यंत जात असेल, तर सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझी बहीण जाऊन आली, तिला फरक पडला.

गुजरीतली
दादा, आज वहीत मांडलं. अकरा वेळा. त्यातल्या नऊ वेळा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं! मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या दडपणालाच दोष देत होते. येताना महाद्वार रोडवरून कानस घेतली. उजव्या अंगठ्याची कड आत्ताच घासली.