लकव्यानंतरच्या हातासाठी रोबो: सरकारी दवाखान्यात घ्यावा का?

मांजराकाठ: अंगावरून वारं गेलेला माणूस काठी टेकत अंगणापर्यंत येतो, हात मात्र मांडीवर पडून राहतो. याचं एक मोठं कारण म्हणजे तोकडा सराव. 2009 साली छापलेल्या उत्तर अमेरिकेतल्या पाहणीत उपचाराच्या बैठका मोजल्या, तर हाताच्या कामाच्या हालचाली एका बैठकीत सरासरी 32 भरल्या. रोबोवर तासाभरात हजाराच्या घरात जातात. लातूर किंवा नांदेडला असं यंत्र आलंच पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

बालाघाटी: सर, हजार हालचाली कशाच्या, ते बघा. एमआयटी-मॅनस नावाच्या अशा रोबोवर हात टेकूत बांधतात आणि रुग्ण पडद्यावरच्या ठिपक्याकडे दांडा ढकलतो. त्यात खांदा आणि कोपर हलतं. मनगटासाठी आणि पंज्यासाठी यंत्राला जोडायचा भाग वेगळा असतो. तो लावला तरी मुठीत यंत्राचा दांडाच असतो, तांब्या नसतो. भाकरीचा तुकडा मोडायची चिमूट त्यातून आपोआप येत नाही.

याच रोबोची ब्रिटनमधली रॅटुल्स चाचणी 2019 साली छापून आली. 770 रुग्ण, 45 मिनिटांची बैठक, आठवड्याला 3, असे 12 आठवडे. हाताच्या हालचालींचे गुण थोडे वाढले, पण वस्तू उचलण्या-ठेवण्याच्या परीक्षेत रोबोचा गट नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. इकडे त्याच 36 बैठकांसाठी आष्टी-पाटोद्याहून 36 खेपा, त्याही सोबतीच्या माणसासह. सोयाबीन काढणीत कोण येईल?

गोदाकाठ: ताई, खेपांचं पटतं. पण ज्याचा हात हलतच नाही, त्याचं काय? चांगला हात बांधून लुळा वापरायला लावायची पद्धत चालायला मनगट साधारण 20 अंश आणि बोटं 10 अंश तरी उचलावी लागतात. तेवढंही नसलेल्याला यंत्र आधार देतं.

यंत्र फसतं ते बहुतेक मदतीच्या सेटिंगमुळे. मदत जास्त ठेवली की रुग्ण सैल सोडतो. पडद्यावर गुण चढतात, दंडाला हात लावला तर स्नायू ढिला. म्हणून हालचाल आधी रुग्णाने सुरू करायची, अडली तरच मोटारीने ढकलायचं आणि दर आठवड्याला मदत कमी करत जायची. छातीला पट्टा हवाच. नाहीतर माणूस कंबरेतून पुढे झुकतो आणि कोपर सरळ झाल्याचा भास होतो.

बालाघाटी: पट्टा घरच्या खुर्चीलाही बांधता येतो, जुनं उपरणं पुरतं. टेबलावर टॉवेल, त्यावर पंजा, पुढे सरकवायचा आणि मागे आणायचा. शेजारी दोन वाट्या आणि 30 चिंचोके. दर 10 वेळा सरकवलं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत, सगळे चिंचोके गेले म्हणजे 300 झाले. बोटं उघडू लागली की तोच चिंचोका लुळ्या हाताच्या चिमटीत द्यायचा.

खरी नासधूस घरात होते. बाजेवरून उठवताना दंड धरून ओढतात, बगलेत हात घालतात. खांद्याचा सांधा बरेचदा खाली उतरलेला असतो, तो दुखायला लागला की महिनाभर सराव बंद. कंबरेला धरून उठवा. आणि आवळलेली मूठ उघडताना बोटांची टोकं ओढू नका. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा, म्हणजे बोटांच्या शिरा सैल पडतात. मग अंगठा बुडापासून बाहेर काढा, बोटं पाठोपाठ येतात. हे नातेवाइकाला दहा मिनिटांत शिकवता येतं.

कापूसपट्टा: एक सावधगिरी. सरावासाठी लवकर कापूस वेचणीला लावू नका. हाताला स्पर्श कळत नसेल तर बोंडाचं टोक रुतलं तरी समजत नाही. त्याच कारणाने चूल आणि तव्यापासूनही लांब.

मांजराकाठ: ताईंचं घरच्या सरावाचं मान्य. पण चिंचोके मोजायला घरी दुपारी कोणी नसतं, सगळे रानात. मग मोटारीऐवजी स्प्रिंगवर हात तोलणारं साधन घेऊ. वजन स्प्रिंग पेलते, हलवायचं रुग्णानेच. त्यामुळे सैल सोडायची सोय राहत नाही.

बालाघाटी: स्प्रिंगला माझी हरकत नाही, सर. पण भरती असलेल्यांनाच द्या, म्हणजे खेपा वाचतात. पहिल्या दिवशी फुगल-मायर या हाताच्या हालचालींच्या परीक्षेचे 66 पैकी गुण लिहा आणि पेला तोंडापर्यंत जातो का, तेही लिहा. सहा आठवड्यांनी पेला जागचा हलला नसेल, तर त्या रुग्णाचा वेळ टॉवेलवर लावा.