घरच्या सुतारकामात लक्ष उडालं की काय होतं? अनुभव लिहा

गुण्या
परवा साखर पेठेत जुना हातमाग मोडून लाकूड विकायला काढलेलं दिसलं. तेल पिऊन काळं पडलेलं सागवान. वडलांची आठवण आली. माग बंद झाल्यावर त्यांनी अशाच लाकडातून घरचे पाट, माझं अभ्यासाचं टेबल केलं, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

एका उन्हाळ्यात फळी कापताना लाइट गेली. हातात धरायची कटर मशीन खटका लॉक करून चालवायची त्यांची पद्धत, म्हणजे बोट सोडलं तरी ती चालूच राहते. तो लॉक तसाच राहिला. मशीन थांबली म्हणजे बंद झाली, असंच वाटतं ना. जेवण झाल्यावर मी आधी वर गेलो आणि पात्यातला भुस्सा बोटाने काढत बसलो. पाणी प्यायला उठलो आणि लाइट आली. मशीन फळीवरून उडाली, फरशीवर फरफटत गेली, वायर ताणून पिन निघाली तेव्हा थांबली. वडलांनी त्या दिवशी पुन्हा कामाला हात लावला नाही. तेव्हापासून आमच्याकडे लाइट गेली की आधी पिन काढायची, मग बॅटरी शोधायची.

तुमच्याकडचं लिहा. किरकोळ वाटलं तरी लिहा, कुणाचं बोट वाचेल.

होटगी रोडकर
बापरे. काटा आला. मिक्सरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्याला लागू आहे हे.

सागवान
दादाने फोनवर सांगितलं, ड्रॉवर दोन सूत कमी घे. मी दोन मिलिमीटर घेतले. इंचात आठ सूत, म्हणजे दोन सूत सहा मिलिमीटरच्या वर जातात! ड्रॉवर आत जाईना. जास्त राहिलं म्हणून रंधा मारून निभावलं, कमी पडलं असतं तर प्लाय गेला होता.

चाटी गल्ली
आणि पात्याची जाडी? मिस्टरांनी ८ बाय ४ च्या शीटवर एकेक फुटाच्या चार पट्ट्या आखल्या. कागदावर बरोबर. पण पातं दर कापाला तीनेक मिलिमीटर खातं, तीन कापात जवळजवळ सेंटिमीटर गेला. आता एक पट्टी कापायची, मगच पुढची मोजायची.

तिकोनी कानस
मागाचं लाकूड घेणाऱ्यांनो, आत डोकं मोडलेले खिळे असतात. वर तेल आणि मळ बसतो, दिसत नाहीत. चुलतभाऊ दरवेळी चुंबक फिरवायचा, गड्ड्याच्या जत्रेच्या गडबडीत एकदा राहिलं आणि रंध्याच्या नव्या पात्याला खांडं पडलं.

मंगळवार पेठ
कानस दादा, हातकरवतीला धार लावून देणारं कुणी उरलंय का आपल्याकडे? आमच्या काकांनी बंद केलं.

तिकोनी कानस
घरीच लावा की. फक्त दात एक आड एक डावीउजवीकडे वाकवलेले असतात ते मोडू देऊ नका, नाहीतर करवत लाकडात अडकते. रविवारी या, दाखवतो.

जवस
भाकरी तव्यावर आहे, पटकन सांगते. जवसाचं तेल लावलेली चिंधी चुरगळून टाकू नका!! ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. पसरलेली असली तर ऊब निघून जाते, बोळा केला की आतच कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. काडीही लागत नाही. त्यात आपला मे महिना, पत्र्याखाली भट्टीच. भावाने जुन्या टॉवेलच्या चिंध्या भुश्श्याच्या पोत्यावर टाकल्या आणि झोपला. आईला धुराचा वास आला म्हणून बरं, पोतं अंगणात ओढून पाणी ओतलं. चिंध्या उलगडून बाहेर दोरीवर वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

सागवान
ताई, हे माहीतच नव्हतं. माझ्या शेडमध्ये आत्ता बोळा पडलाय. जातो.

चाटी गल्ली
सासऱ्यांनी देव्हाऱ्याच्या दोन्ही पल्ल्यांना बिजागरीच्या खाचा डाव्याच बाजूला केल्या होत्या. नक्षी एकाच अंगाला, उलटून बसवताही येईना. फार हळहळले. दुसरा पल्ला नव्याने कोरला, आणि तोच जास्त सुंदर झालाय. फोटो टाकते रात्री.

गुण्या
नक्की टाका. सागवान, काढल्या का चिंध्या?

सागवान
काढल्या. हाताला गरम लागत होत्या. ताई, खरंच आभार.

मंगळवार पेठ
कानस दादा, रविवारी किती वाजता येऊ? दोन करवती आहेत, एकीचे चार दात गेलेत.