अकरावी सायन्स: गणित सोडावं का?

भाचा तासगावचा, दहावीला ७८ टक्के, गणितात मात्र ५४. बीएस्सी ॲग्री करायचंय. बागेतले भुरी आणि दावण्या हे रोग पान बघून ओळखतो, त्यामुळे बायोलॉजी पक्की. दाजींचा हट्ट, 'गणित असू दे, दारं उघडी राहतात.' पोरगं गणिताचं नाव काढलं की जेवण टाकून उठतं!

ॲग्रीच्या सीईटीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) चालतं, हे बघितलंय. कॉलेजात विचारलं तर 'सगळे गणित-बायोलॉजी दोन्ही घेतात' एवढंच उत्तर. कल चाचणी नको, सांगलीला क्लास लावणं परवडणारं नाही.

गणिताऐवजी भूगोल कुणाच्या मुलांनी घेतलाय का? तासगाव-सांगलीत सायन्सला तो खरंच शिकवतात, की नुसता कागदावर? आणि गणित सोडल्यावर पुढं नेमकं कुठं अडलं?